कझिन म्हणजे नक्की कोण? यिर्झी लेवी आणि अनुवादाचं कोडं

इंग्रजी गोष्टीत एक साधं वाक्य येतं, "माय कझिन केम बाय ट्रेन". इंग्रजी वाचणाऱ्याचं यात काहीच अडत नाही, तो पुढे निघून जातो. मी मात्र मराठीत आणायला बसले की तिथेच अडकते. कझिन म्हणजे चुलतभाऊ की मामेबहीण, आतेभाऊ की मावसबहीण? चार नाती आणि प्रत्येकात दोन, म्हणजे आठ ऑप्शन झाले, आणि त्यात परत तो "आला" की "आली" की वयाने मोठा म्हणून "आले". मूळ लेखकाने यातलं काहीही ठरवलेलं नाही, त्याला गरजच पडली नाही. मला मात्र ठरवल्याशिवाय पहिला शब्दसुद्धा लिहिता येत नाही.

एका कथेत मी असंच "मामेभाऊ" लिहून टाकलं होतं, कानाला बरं वाटलं म्हणून. आणि एकदा मामेभाऊ म्हटल्यावर मग आपोआप त्या सगळ्या प्रसंगांना आजोळची ऊब यायला लागली, सुट्टी, अंगण, लाड, सगळं माझ्याही नकळत. चाळीसेक पानांनंतर कळलं की हा कझिन वडिलांच्या वडिलांच्या घरात वाटा मागायला आलाय. म्हणजे चुलतभाऊ! आता नुसता शब्द बदलून भागणार नव्हतं, मागच्या चाळीस पानांतली ती ऊब एकेक करून काढावी लागली, कारण भाऊबंदकीच्या गोष्टीत आजोळचा सूर चालत नाही.

ही जी भानगड आहे ना, एक निर्णय घेतला की पुढचे दहा निर्णय तोच ठरवून टाकतो, ती अगदी नीट पकडून कागदावर मांडणारा माणूस म्हणजे यिर्झी लेवी. झेक साहित्याभ्यासक, अनुवादक, प्राध्यापक. अनुवादाचा अभ्यास करणारे जगभर त्यांचं नाव घेतात पण मराठीत त्यांच्याबद्दल लिहिलेलं माझ्या फारसं वाचनात आलं नाही, म्हणून म्हटलं आपणच सोप्या भाषेत लिहू.

आधी नावाचं सांगते. त्यातला "र्झ" हा झेक भाषेचा खास आवाज आहे, र आणि झ एकाच वेळी म्हटल्यासारखा, संगीतकार द्वोर्झाकच्या नावात आहे तोच. देवनागरीत तो हुबेहूब लिहिता येत नाही, जवळचं लिहायचं आणि पुढे जायचं.

लेवींचा जन्म 8 ऑगस्ट 1926 चा, कोशित्से गावातला. हे गाव आज स्लोवाकियात आहे, तेव्हा चेकोस्लोवाकिया होता. आणि त्याच वर्षी दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, प्रागमध्ये एक अभ्यासमंडळ सुरू झालं, प्राग लिंग्विस्टिक सर्कल. विलेम माथेसिउस, रोमान याकोबसन ही भाषाशास्त्रज्ञ मंडळी त्यात होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भाषेतली किंवा कवितेतली कुठलीही गोष्ट सुटी बघू नका, ती तिथे काय काम करते ते बघा. यमक आहे ना, मग ते काय काम करतंय? एखादा बोलीतला शब्द आलाय, तर तो तिथे कशासाठी आलाय? हा "काम काय करतंय" प्रश्न पुढे लेवींच्या सगळ्या विचारांचा पाया झाला, म्हणून तो लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

त्यांची शाळेची वर्षं युद्धात गेली. नाझींनी 17 नोव्हेंबर 1939 ला झेक विद्यापीठं बंद केली ती थेट 1945 ला उघडली. ती उघडली त्याच वर्षी लेवी बर्नो शहरातल्या मासारिक विद्यापीठात इंग्रजी आणि झेक शिकायला गेले. याच विद्यापीठात 1930 च्या दशकात याकोबसन शिकवत होते, पण ते ज्यू, त्यामुळे 1939 मध्ये जीव वाचवायला देश सोडून गेले आणि पुढे अमेरिकेत पोचले. म्हणजे गुरू निघून गेलेला, पण त्याचं काम वर्गांतून, पुस्तकांतून अजून शिल्लक, अशा जागी लेवी शिकले. 1950 पासून ते ओलोमोउत्सला शिकवायला लागले आणि 1963 च्या सुमारास परत बर्नोला आले.

मधल्या काळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. 1948 मध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि प्राग सर्कलचा विचार, ज्याला स्ट्रक्चरॅलिझम म्हणतात, तो संशयास्पद ठरला. त्या सर्कलमधला मोठा साहित्याभ्यासक यान मुकार्झोव्स्की, त्याने तर 1951 मध्ये स्वतःच्याच जुन्या विचारांविरुद्ध जाहीर लेख लिहिला. अशा हवेत पंचविशीतला एक तरुण प्राध्यापक काय करणार? लेवींनी अनुवादाचा विषय धरला. त्यांनी हे मुद्दाम आडोसा म्हणून केलं असं माझं म्हणणं नाही, पण मला एवढं दिसतं की अनुवादाबद्दल बोलताना शब्द, लय, वाक्यरचना, शैली यांच्याबद्दल अगदी बारकाईने बोलता येतं आणि तेच तर प्राग सर्कलवाल्यांना करायचं होतं.

आणि झेक लोकांना अनुवाद हा विषय काही बारीकसा नाही. झेक मुलूख हाब्सबुर्ग घराण्याच्या राज्यात होता तेव्हा शिकलेल्या लोकांची भाषा जर्मन, झेक ही घरातली, शेतावरची. 1811 मध्ये योसेफ युंगमान यांनी मिल्टनचं पॅराडाइज लॉस्ट झेकमध्ये आणलं, आणि त्यामागे मिल्टनवरच्या प्रेमाइतकीच एक जिद्द होती की आपल्या भाषेत एवढं मोठं महाकाव्य मावतं हे दाखवायचंच. त्यासाठी त्यांनी शब्द घडवले, जुने उकरून काढले, शेजारच्या स्लाव भाषांतून उचलले. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आणि संस्कृतातून अनुवाद करता करताच मराठी गद्य घडत गेलं, त्या काळाला भाषांतरयुग म्हणतात, त्यामुळे मराठी माणसाला ही झेक धडपड लगेच समजते.

तर लेवींचं पहिलं मोठं पुस्तक 1957 चं, झेक अनुवादविचारांचा इतिहास. जुन्या काळापासून झेक अनुवादक काय म्हणत आले, कुणी शब्दाला शब्द लावायचं म्हटलं, कुणी भाव धरायचं म्हटलं, कुणी छंदावरून भांडण केलं, ते सगळं उकरून त्यांच्याच लेखनासकट एकत्र केलेलं जाडजूड पुस्तक. तेव्हा ते तीस-एकतीस वर्षांचे होते. यातून त्यांच्या हाती एक महत्त्वाची गोष्ट लागली. "चांगला अनुवाद" याची व्याख्या प्रत्येक काळात बदलते. एका पिढीला वाटतं मुळाशी इमान राखा, पुढच्या पिढीला वाटतं आधी ते आपल्या भाषेत सुंदर होऊ दे. लेवींनी पुढे हे असं मांडलं की अनुवादाला कायमच दोन मापं लागतात, एक मुळाचं माप आणि एक आपल्या भाषेतल्या कलाकृतीचं माप. ही दोन्ही मापं भांडणारच, फक्त कुठल्या काळात कुणाचं पारडं जड हे बदलतं. आपल्याकडे अजूनही अनुवादाचं परीक्षण आलं की "अनुवाद ओघवता आहे, मूळ मराठीच वाटतं" एवढं म्हणून विषय संपतो, म्हणजे आपण एकच माप लावतोय आणि दुसऱ्याची आठवणसुद्धा नाही.

मग 1963 मध्ये आलं त्यांचं मुख्य पुस्तक. झेक नाव उम्येनी प्रशेक्लादु, म्हणजे अनुवादाची कला. यात ते अनुवादकाचं काम तीन टप्प्यांत सांगतात. आधी मूळ समजून घेणं, मग त्याचा अर्थ लावणं, मग ते आपल्या भाषेत नव्याने घडवणं. वाचायला एकदम सोपं वाटतं पण पहिले दोन टप्पे वेगळे का केले ते बघा. समजणं म्हणजे वाक्यात काय म्हटलंय ते कळणं. अर्थ लावणं म्हणजे हे वाक्य या माणसाने इथे का म्हटलं, त्याचा सूर काय, अख्ख्या पुस्तकात त्याची जागा काय, ते ठरवणं. माझ्या मामेभावाच्या घोटाळ्यात मला वाक्य शंभर टक्के समजलं होतं. अर्थ लावायचा राहिला होता, कारण पुस्तक शेवटपर्यंत न वाचता मी पहिल्या पानापासून अनुवाद सुरू केला होता.

अनुवादक नक्की कोणासारखा असतो याचं लेवींचं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणतात नटासारखा. नाटक नटाने लिहिलेलं नसतं, शब्द त्याचे नसतात, तरी त्याच्या अंगातून बाहेर पडल्याशिवाय ते नाटक उभं राहत नाही. एकच भूमिका दहा नट दहा प्रकारे करतात आणि दहाही खऱ्या असू शकतात. म्हणजे अनुवाद ही पूर्ण स्वतंत्र निर्मिती नाही, नुसती नक्कलही नाही, दोघांच्या सीमेवरची कला आहे. आणि नाटकावरूनच त्यांनी अजून एक फरक सांगितला. काही नाटकं प्रेक्षकाला विसरायला लावतात की आपण थिएटरमध्ये बसलोय. तसा काही अनुवाद वाचकाला विसरायला लावतो की हा अनुवाद आहे, अनुवादक मुळामागे लपून राहतो, त्याला त्यांनी इल्युजनिस्ट म्हटलं. याच्या उलट काही अनुवाद मध्येच खांद्यावर हात ठेवून सांगतात की बाबा रे, हा अनुवाद आहे, मी इथे आहे. तो अँटी-इल्युजनिस्ट. लेवींचा स्वतःचा कल पहिल्या प्रकाराकडे. पण त्यात फसवाफसवी नाही, वाचकाला माहीत असतंच की आपण मूळ वाचत नाही आहोत, तरी तो विश्वास ठेवायला तयार असतो, जसं पडदा वर गेल्यावर समोरचा माणूस राजा आहे हे आपण मान्य करून टाकतो.

आता येते ती अवघड थिअरी, ज्याच्यासाठी लेवी सगळ्यात जास्त ओळखले जातात. याकोबसनना 11 ऑक्टोबर 1966 ला सत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या सन्मानार्थ तीन खंडांचा एक गौरवग्रंथ निघाला, त्यात लेवींनी इंग्रजीत एक लेख दिला. विषय असा की अनुवाद ही निर्णयांची साखळी आहे. त्यांनी यासाठी गणितातली गेम थिअरी आणली, आणि घाबरू नका, त्यात सूत्रं समजायची गरज नाही. बुद्धिबळ डोळ्यासमोर आणा. पहिली खेळी करताना बऱ्याच खेळी मोकळ्या असतात, पण तुम्ही एक केलीत की पटावरची परिस्थिती बदलली, आता दुसरी खेळी त्या पहिलीच्या हिशोबाने. पत्त्यांत समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही, बुद्धिबळात सगळं समोर असतं, आधी काय काय झालंय ते सगळं माहीत असतं. अनुवाद पत्त्यांसारखा नाही, बुद्धिबळासारखा आहे असं लेवी म्हणतात.

त्यांचं उदाहरण जर्मन नाटककार ब्रेश्टच्या नाटकाचं आहे. जर्मन नावात "मेन्श" शब्द आहे, सेझुआनचा चांगला मेन्श. मेन्श म्हणजे माणूस, बाई किंवा पुरुष कुणीही. इंग्रजीत करायचं तर "मॅन" म्हणणार की "वुमन"? आणि नाटकाची नायिका शेन ते ही बाई आहे, जी पुढे पुरुषाचे कपडे घालून स्वतःचाच कझिन बनून वावरते! म्हणजे नावातच मॅन किंवा वुमन ठरवलंत की सगळ्या नाटकाकडे बघायची दिशा ठरली. जर्मनला जे ठरवावं लागलं नाही ते इंग्रजीवाल्याला ठरवावं लागतं.

आणि इथे मला आपल्या मराठीचा अभिमान वाटला. आपल्याकडे तिसरं लिंग आहे. गावाकडे सहज म्हणतात, "लई भलं माणूस हाय ते." ते बाईबद्दल आहे की पुरुषाबद्दल, कळत नाही आणि कळायची गरजही नसते. "सेझुआनचं भलं माणूस" असं नाव ठेवलं तर मेन्शमधला सगळा मोकळेपणा जसाच्या तसा आला. इंग्रजी जिथे अडकते तिथून मराठी सहज निघून जाते. पण कझिनपाशी आपण अडकतो आणि इंग्रजी निघून जाते. कुठली भाषा श्रीमंत कुठली गरीब असा हा मामलाच नाही, प्रत्येक भाषा वेगवेगळ्या चौकात तुम्हाला थांबवते आणि विचारते, बोल, डावीकडे की उजवीकडे.

झेक आणि मराठी मात्र बऱ्याच चौकांत एकत्र थांबतात, हे मला लेवींच्या निमित्ताने कळलं. झेकमध्ये भूतकाळात बोलणारा पुरुष की बाई ते क्रियापदात दिसतं. "शेल सेम" म्हणजे मी गेलो, "श्ला सेम" म्हणजे मी गेले. अगदी आपल्यासारखं! तू आणि तुम्हीसुद्धा आहेत, झेकमध्ये तू म्हणजे "ती" आणि तुम्ही म्हणजे "वी". त्यामुळे इंग्रजी कादंबरीत दोन माणसं पहिल्या पानापासून एकमेकांना "यू" म्हणत असतील तर झेक अनुवादकालाही आमच्यासारखंच ठरवावं लागतं की ही दोघं "तुम्ही"वरून "तू"वर कुठल्या पानावर येणार. मूळ पुस्तकात तो क्षण लिहिलेलाच नाही, तो अनुवादकाने शोधायचा, कदाचित एखाद्या भांडणानंतर, कदाचित हात हातात घेतल्यावर. आणि आपल्याकडे तर अजून एक जास्तीचा चौक आहे, इंग्रजी "वी" (we) आलं की आम्ही की आपण? समोरच्याला आत घेतलं की बाहेर ठेवलं? एका राजकीय भाषणाचा अनुवाद करताना हा एक शब्द ठरवायला मला अर्धी दुपार लागली आहे.

बरं, मग अनुवादक हे निर्णय घेतो कसे? इथे लेवी एकदम व्यवहाराचं बोलतात. ते म्हणतात पुस्तकी थिअरी सांगते की सर्वोत्तम पर्याय शोधा. प्रत्यक्ष काम करणारा माणूस मात्र कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त परिणाम देईल असा पर्याय निवडतो आणि पुढे जातो. त्याला माहीत असतं की अजून काही तास घासलं तर कदाचित अजून चांगलं वाक्य मिळेल, पण तो थांबतो. याला त्यांनी मिनिमॅक्स म्हटलं. हा शब्द गेम थिअरीतला, तिथे त्याचा मूळ अर्थ असा की सगळ्यात वाईट झालं तरी नुकसान कमीत कमी राहील अशी खेळी करायची. आणि लेवींनी ही बाजूही अनुवादकात बरोबर हेरली. ते म्हणतात अनुवादक सहसा निराशावादी खेळी खेळतो, म्हणजे सगळ्यात खडूस वाचकाने वाचलं तरी एका पातळीखाली जाणार नाही असंच वाक्य तो स्वीकारतो. मला हे वाचून फार हलकं वाटलं. रात्री अकरा वाजता, उद्या प्रकरण द्यायचंय, आणि मी एका विशेषणापाशी हार मानून पुढे जाते तेव्हा तो माझा आळस असतो असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तो या कामाचा स्वभाव आहे, आणि एका माणसाने तो विद्यापीठात बसून, सन्मानाने, शास्त्राचा विषय म्हणून मांडलाय.

पण याच स्वभावातून एक धोकाही निघतो आणि माझ्या मते लेवींचं सगळ्यात उपयोगी काम इथे आहे. त्यांनी अनुवादांची भाषा मुळाशी ताडून पाहिली आणि दाखवलं की अनुवादकांना काही ठरावीक सवयी लागतात. एक म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी ढोबळ शब्द. मराठीतून उलट दिशेने गेलेलं उदाहरण देते, "तिने भाकरी थापली" याचं इंग्रजी "शी मेड ब्रेड" झालं की थापण्याचा आवाज गेला, हात गेले, परात गेली, राहिलं फक्त काहीतरी खायला केलं एवढं. दुसरी सवय म्हणजे समजावून सांगणं. मूळ लेखक दोन वाक्यं शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो, अनुवादकाला ती शांतता सहन होत नाही, तो मधे "कारण" घालतो. समजा मुळात असं आहे:

"दार वाजलं. आई उठली नाही."

आणि अनुवादात असं होतं:

"दार वाजलं, पण आई खूप दमलेली असल्यामुळे उठली नाही."

दमली होती असं कुणी सांगितलं? कदाचित ती रुसली होती, कदाचित घाबरली होती, कदाचित दारात कोण आहे ते तिला माहीत होतं. त्या पूर्णविरामात चार शक्यता होत्या, "असल्यामुळे" ने तीन मारून टाकल्या. लेवी म्हणतात अनुवादक मजकूर तर्काला धरून सरळ करतो, न बोललेलं बोलून टाकतो, वाक्यांमधली नाती उघड करून ठेवतो. यात त्याचा हेतू चांगलाच असतो, वाचकाला समजावं म्हणून तो हे करतो, पण त्याने साहित्य सपाट होत जातं. पुढे विसाव्या शतकाच्या शेवटी कॉम्प्युटरवर हजारो पानांचे अनुवाद तपासायची सोय झाली तेव्हा अभ्यासकांनी याच सवयींना मोठमोठी नावं देऊन शोध सुरू केले, पण लेवींनी हे 1963 च्या पुस्तकात लिहून ठेवलेलं होतं.

कवितेबद्दल त्यांनी खूपच लिहिलंय, ते सगळं इथे मांडायचं तर झेक छंदशास्त्र उघडून बसावं लागेल, म्हणून एकच अडचण सांगते. इंग्रजीत एका अक्षराचे, म्हणजे एका सिलॅबलचे शब्द ढिगाने आहेत, झेक शब्द सरासरीने लांब. शेक्सपिअरची ओळ दहा सिलॅबलची, त्यात इंग्रजी जेवढं कोंबते तेवढं झेकमध्ये मावत नाही, मग एकतर काहीतरी गाळा नाहीतर ओळी वाढवा. वर झेक शब्दाचा आघात कायम पहिल्या सिलॅबलवर, आणि इंग्रजी ओळ सुरू होते आघात नसलेल्या सिलॅबलने. मग ओळीच्या तोंडाशी "आणि", "की" असले चिमुकले शब्द बसवत राहावं लागतं. लेवींनी हे नुसतं जाणवलं म्हणून सांगितलं नाही, मोजून दाखवलं. मोजण्याची त्यांना ओढच होती. साहित्याच्या अभ्यासात आकडेवारी, माहितीशास्त्र, गणित यांची मदत घ्यायची म्हणून त्यांनी इतर विषयांतल्या लोकांना सोबत घेऊन काम सुरू केलं होतं, 1964 मध्ये बर्नोला छंदशास्त्रावर परिषदही झाली. साहित्याभ्यास कधी नेमकं शास्त्र होईल का, हा प्रश्नच त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या एका पुस्तकाचं नाव आहे.

पण मोजणारा माणूस कोरडा असतो असं वाटत असेल तर त्यांचं हे उदाहरण बघा. जर्मन कवी क्रिस्टियान मॉर्गनस्टर्न याची एक छोटीशी वेडी कविता आहे, सुरुवात अशी:

आइन वीझल
झास आउफ आइनम कीझल
इन्मिटन बाखगरीझल

शब्दाला शब्द लावला तर, एक वीझल (मुंगसासारखा प्राणी) एका गोट्यावर बसला होता, झुळझुळ ओढ्याच्या मधोमध. पुढे कवी विचारतो, माहीत आहे का हा तिथे का बसला? आणि गुपित असं निघतं की त्या चतुर जनावराने हे सगळं यमकासाठी केलं! आता याचा इमानदार अनुवाद काय? गोटा आणि ओढा सांभाळला आणि यमक सोडलं तर कविता मेली, कारण मग शेवटच्या ओळीला अर्थच उरत नाही. इंग्रजीत मॅक्स नाइट या अनुवादकाने याची पाच रूपं करून दाखवली, एकात मिंक किचन सिंकमध्ये ड्रिंक घेतोय, एकात हायना अरीनात कॉन्सर्टिना वाजवतोय. लेवी म्हणतात ही सगळी चालतात. कारण इथे प्राणी कोणता हे महत्त्वाचं नाही. एक प्राणी हवा, तो कशाशी तरी काहीतरी करत हवा, कुठेतरी हवा, आणि तिघांचं यमक जुळलं पाहिजे. ही तीन जागांची चौकट म्हणजे कविता, बाकी शब्द त्या जागा भरणारे. वर म्हटलेलं ना, काम काय करतंय ते बघा, ते हेच.

मी पण करून बघितलं:

एक घार
बसली गपगार
नदीच्या पार

किंवा

एक खार
दगडावर गार
ओढ्याच्या पार

दुसऱ्यात दगड आणि ओढा दोन्ही वाचले, म्हणून आधी ती बरी वाटली. पण मोठ्याने म्हणून बघा, "गपगार" मध्ये जी गंमत आहे ती "दगडावर गार" मध्ये नाही. मी घार ठेवली. मुळात पक्षी नाही, गोटाही गेला, तरी ठेवली, आणि का ठेवली ते आता मला सांगता येतं. लेवी शिकवतात ते हेच, की निर्णय तर तुम्ही घेणारच आहात, पण काय दिलं आणि काय मिळवलं ते तुम्हाला माहीत असू द्या.

याकोबसनसाठीचा तो ग्रंथ 1967 मध्ये छापून आला. त्याच वर्षी 17 जानेवारीला लेवी बर्नोमध्ये वारले. वय वर्षं चाळीस. मला हे दर वेळी लिहिताना जड जातं. चाळीस म्हणजे अभ्यासकाची खरं तर सुरुवात, आणि त्यांनी तेवढ्यात इतिहास लिहिला, सिद्धांत लिहिला, गणित आणून जोडलं. पुढच्या वर्षी ऑगस्ट 1968 मध्ये देशात सोव्हिएत रणगाडे आले आणि त्यानंतरच्या वर्षांत कित्येक झेक लेखकांना स्वतःच्या नावाने काही छापता येईना, त्यातल्या काहींनी अनुवादावर पोट भरलं, तेही कधीकधी दुसऱ्याच्या नावाने. अनुवादक मुळामागे लपतो हे लेवींनी लिहिलं होतं, पण ते असं खरं होईल हे त्यांना बघावं लागलं नाही.

त्यांच्या मुख्य पुस्तकाचा जर्मन अनुवाद 1969 ला आला, रशियन 1974 ला. इंग्रजीत यायला मात्र 2011 उजाडलं, म्हणजे मूळ पुस्तकानंतर 48 वर्षं. त्या मधल्या काळात इंग्रजीत अनुवादाचा अभ्यास हा मोठा विषय झाला, विद्यापीठांत विभाग निघाले, आणि लेवींचं नाव बहुतेकांना त्या एका इंग्रजी लेखापुरतंच माहीत राहिलं. अनुवादावरचं एवढं महत्त्वाचं पुस्तक अनुवाद न झाल्यामुळे अडून राहिलं याची मला खरंच हळहळ वाटते. झेक देशात मात्र त्यांना विसरलेले नाहीत, तिथल्या अनुवादकांची संघटना तरुण अनुवादकांसाठी दर वर्षी स्पर्धा घेते ती लेवींच्याच नावाने.

मी त्यांच्याकडून एक सवय उचलली आहे ती सांगून थांबते. कुठलाही अनुवाद पूर्ण झाला की दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन फक्त चार शब्द शोधायचे: कारण, म्हणून, त्यामुळे, पण. प्रत्येकापाशी थांबून मूळ उघडायचं आणि बघायचं की हा लेखकाचा आहे की माझा. परवा एका बारा पानी कथेत असे नऊ सापडले, सगळे माझे. आठ लगेच काढले. नववा एका बापलेकीच्या प्रसंगात होता, तिथे "म्हणून" काढलं तर वाचक गोंधळेल असं वाटत होतं, बराच वेळ ते वाक्य तोंडाने म्हणत बसले. लेखिकेने तिथे नुसता पूर्णविराम दिला होता. मीही तोच दिला.